फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांची विकृती : पक्षाघाताचे एक दुर्लक्षित कारण

रक्तदाब वा मधुमेह नसलेल्या तरुण रुग्णास पक्षाघात झाल्यास आपण हृदय आणि मानेतील धमन्यांचा विचार करतो. फुफ्फुसाचा विचार क्वचितच होतो. म्हणून या कारणाचा येथे परिचय करून देत आहे.

संप्राप्ती : फुफ्फुसातील केशवाहिन्या रक्तास प्राणवायू देतात, तसेच बारीक गुठळ्या अडवून गाळणीचे कार्यही करतात. काही व्यक्तींत फुफ्फुसधमनी व फुफ्फुससिरा केशवाहिन्यांविना थेट जोडलेल्या असतात. यास पल्मनरी आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन म्हणतात. या आडवाटेने गुठळी वा जंतू मेंदूत पोहोचून पक्षाघात अथवा मस्तिष्कविद्रधी उत्पन्न होतो. तत्पूर्वी श्वासाचा त्रास असेलच असे नाही.

निदान : बहुसंख्य रुग्णांत याचे मूळ हेरिडिटरी हेमोरेजिक टेलांजिएक्टेसिया या आनुवंशिक विकारात असते. त्याचे प्रमाण सुमारे ५००० व्यक्तींत १ आहे. २००० साली प्रसिद्ध झालेले कुरासाव निकष चार आहेत : वारंवार आपोआप घोळणा फुटणे, ओठ, जीभ, बोटे वा नाकावर लाल ठिपके, आंतरिक अवयवांत अशी विकृती, आणि आईवडील, भावंडे वा अपत्यांपैकी कोणास हाच विकार. तीन निकष जुळल्यास निदान निश्चित, दोन जुळल्यास संशयित मानावे.

असा रुग्ण प्रथम आपल्याकडेच नासागत रक्तपित्त किंवा पांडू म्हणून येतो. ऊर्ध्वग रक्तपित्त साध्य सांगितले असले, तरी येथे तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. ओठ व जीभ तपासावी, कुलवृत्त विचारावे आणि संशय आल्यास बबल एको व छातीच्या सीटी स्कॅनसाठी पाठवावे. कॅथेटरद्वारे ही विकृत वाहिनी बंद करता येते.

चिकित्सेतील दक्षता : २०१४ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विकृतीच्या रुग्णांत लोह कमी असल्यास पक्षाघाताचा धोका अधिक आढळला. म्हणून पांडूची चिकित्सा नेटाने करावी. प्राणवायूच्या उणिवेमुळे हिमोग्लोबिन वाढलेले दिसले, तरी तेवढ्यावरून रक्तमोक्षण करू नये. त्याने लोह आणखी घटते. दातांच्या रक्तस्रावी उपचारांपूर्वी प्रतिजैविक देणे आवश्यक असल्याने दंतवैद्यास पूर्वसूचना द्यावी.

औषधालयचालकांनीही घोळण्यावरील औषध आणि लोहकल्प वारंवार नेणाऱ्या ग्राहकास एकच प्रश्न विचारावा : घरात आणखी कोणाचा घोळणा फुटतो का? उत्तर होकारार्थी आल्यास त्यास तपासणीसाठी वैद्याकडे पाठवावे. पक्षाघात होण्यापूर्वीच तो टाळण्याची संधी या प्रश्नातून मिळू शकते.