दरडीची वाट आणि संगणकाची जाळी

खळ्यावर धान्याचे पोते ओतले असता ते पाण्यासारखे सर्वत्र पसरत नाही. त्याची रास होते. उतार ठरावीक कोनाहून वाढला की मात्र तीच रास ढासळून वाहू लागते. वाळू, मुरूम, दगडगोटे यांचाही हाच स्वभाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दरड सुटलीच तर ती कोणत्या वाटेने व किती दूर जाईल, याचा अंदाज आधी बांधता येणे ही म्हणूनच जीवनमरणाची बाब आहे.

गणिताच्या दोन रीती

१९७९ साली पीटर कुंडल व ओटो स्ट्रॅक यांनी प्रत्येक कणाची हालचाल स्वतंत्रपणे मोजण्याची रीत मांडली. धान्याच्या कोठीसारख्या मर्यादित जागेसाठी ती उपयुक्त ठरते. डोंगरावरील असंख्य कण असे मोजणे मात्र अशक्यप्राय होय. १९८९ साली सॅव्हेज व हुटर यांनी साऱ्या प्रवाहास एक सलग थर मानून त्याची जाडी व वेग काढण्याची रीत दिली. मुरलेल्या पाण्याच्या दाबाचा विचार तीत पुढे जोडला गेला. या रीतीत जमिनीचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्याचे गणित केले जाते. या तुकड्यांच्या समूहासच जाळी म्हणतात.

जाळीची विण

जाळी विणण्याचे काम 'जीमेश'सारखी विनामूल्य संगणकीय साधने करतात. त्यांमागे बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडलेला नियम आहे : कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा बिंदू येता कामा नये. यामुळे गणितात चूक आणणारे निमुळते त्रिकोण बऱ्याच अंशी टळतात.

जाळी बारीक केल्यास अचूकता वाढते, तसे कामही वाढते. त्रिकोणाची बाजू निम्मी केली की तुकडे चौपट होतात. शिवाय काळाचे टप्पेही निम्मे करावे लागत असल्याने काम सुमारे आठपट होते. यास्तव ओढे, घळी व वस्ती येथे जाळी दाट आणि सपाट पठारावर विरळ ठेवणे श्रेयस्कर.

मोजणीचे महत्त्व

तथापि जाळी कितीही दाट केली, तरी मोजणीत न आलेली गोष्ट तीत उमटत नाही. उंचीच्या नोंदी ३० मीटर अंतरावरच्या असतील, तर पाच मीटर रुंदीचा ओढा त्यांत बहुधा दिसतच नाही. प्रत्यक्षात राडारोडा त्याच ओढ्याने वस्तीत शिरू शकतो.

म्हणून धोक्याचा नकाशा हाती येताच अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : जमीन कधी व किती अंतराने मोजली? वस्तीजवळ जाळीचा तुकडा केवढा आहे? जाळी आणखी बारीक केल्यावरही उत्तर तेच येते काय? नवा रस्ता, सपाटीकरण, बुजलेला नाला यांची माहिती पंचायत सदस्यांइतकी दुसऱ्या कोणास असणार? ती मोजणी पथकास त्यांनी आवर्जून द्यावी. शिक्षकांना ओल्या मातीचा डोंगर करून त्यावर कोरडी वाळू सोडून हा विषय वर्गात सहज दाखविता येईल.

दरड केव्हा सुटेल हे ही जाळी सांगत नाही. सुटल्यास कोणाच्या दारी जाईल एवढेच सांगते. तेवढ्यावरूनही घरे कोठे बांधू नयेत व पावसाळ्यात कोणास आधी हलवावे, हे ठरविता येते.