रेंज होती, तरी ॲप चालेना

२०२४ च्या खरिपात आमच्या शेतकरी गटाने एक छोटे ॲप करून घेतले. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सभासदांनी बियाणे कोणते घेतले, ‘कर्जत-३’ की ‘कर्जत-७’, लावणी कधी आटोपली, भात किती झाले, एवढेच त्यात भरायचे होते. ॲप करणाऱ्यांनी प्ले स्टोअरवर ‘अँड्रॉइड ५ आणि पुढे’ असे जाहीर केले. म्हणजे सगळ्यांनाच चालणार, असे आम्ही धरून चाललो.

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याकडून फोन यायला लागले. “भाऊ, ॲप उघडतंय, पण इंटरनेट नाही म्हणतंय.” डोंगराकडेच्या वाड्यांना आमचे उत्तर ठरलेले: रेंज नसेल. बिचारे टेकाडावर चढून प्रयत्न करत. शेवटी एका मावशींनीच विचारले, “रेंज नाय, तर व्हॉट्सॲपवर नातवाचा फोटो कसा आला?”

त्यांचा फोन अँड्रॉइड ६ चा होता. मुलगा नवी मुंबईत कामाला, त्याने नवा घेतला आणि जुना घरी दिला. आमच्या भागात निम्मे फोन असेच फिरत येतात. आमच्या सर्व्हरवर ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे मोफत सुरक्षा प्रमाणपत्र होते. त्याचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना ओळखीचे नाही. जुन्या प्रमाणपत्राच्या आधाराने काही वर्षे निभावले, पण तो आधार २०२४ मध्ये काढून घेतला गेला. फोन सर्व्हरवर विश्वास ठेवीना आणि ॲप मात्र ‘इंटरनेट नाही’ असा ठोकळेबाज निरोप दाखवी. जुन्या फोनना ओळखीचे प्रमाणपत्र विकत घेतल्यावर गाडे सुरू झाले.

किमान आवृत्ती, म्हणजे ‘मिन एसडीके’, जाहीर केली की त्या फोनवर ॲप बसते, एवढेच. ते चालेल की नाही, हे कोणीतरी तो फोन हातात घेऊन पाहावे लागते. नवा प्रकल्प उघडताना अँड्रॉइड स्टुडिओ अमुक टक्के फोनवर चालेल असे सांगतो, पण ती टक्केवारी जगाची असते, आमच्या पाथरजची नव्हे. आम्ही मग गटाच्या बैठकीत प्रत्येकाच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती वहीत उतरवली. हे काम आधी करायचे असते.

उलटेही घडते. एकाचा फोन नवा, तरी प्ले स्टोअर म्हणे, तुमच्या फोनशी सुसंगत नाही. ॲपने कॅमेऱ्याची परवानगी मागितली की प्ले स्टोअर ऑटोफोकसही आवश्यकच धरते, आणि काही स्वस्त फोनमध्ये तो नसतो. दोन्ही गोष्टी ‘आवश्यक नाही’ असे ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये स्पष्ट लिहिल्यावर तो फोन आत आला.

‘टार्गेट एसडीके’, म्हणजे ॲप कोणत्या आवृत्तीला धरून बनवले तो आकडा, ही तिसरीच गोष्ट. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवे ॲप किंवा सुधारणा चढवायची तर टार्गेट किमान अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५, लागते. ते वाढवल्याने जुने फोन बाहेर पडत नाहीत. मिन वाढवल्याने पडतात. पुष्कळ जण दोन्ही आकडे एकदमच वाढवतात आणि मग ग्राहक कुठे गेले म्हणून विचारतात. मात्र टार्गेट ३५ केले की अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप पडद्याच्या कडेपर्यंत पसरते, आणि खालचे ‘जतन करा’ बटण फोनच्या पट्टीखाली जाऊ शकते. म्हणून सगळ्यात नवा फोनही तपासा. नवी लायब्ररी घेतानाही डोळा ठेवा, कधी तीच गुपचूप मिन वाढवायला लावते.

आणि आवृत्ती जुळली म्हणजे सगळे जुळले असेही नाही. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्या कमी क्षमतेच्या फोनना ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपचा भार पेलत नाही, ही त्यांची एक तक्रार होती.

ॲप करून घेणारे गट, पतसंस्था, दूध संस्था यांना एक विनंती. जी सर्वांत जुनी आवृत्ती जाहीर कराल, त्या आवृत्तीच्या खऱ्या फोनवरून माहिती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली समोर बसून पाहा, हे करारातच लिहून घ्या, आणि तोवर शेवटचा हप्ता देऊ नका.