नाताळाच्या झाडाचे घरगुती अलंकार

(शब्बाथशाळेचे शिक्षक व मंडळीचे सेवक यांजकरिता पाठ)

शास्त्रपाठ : लूक २:१–२०, मत्तय २:१–१२, उत्पत्ति ३.

नाताळाचा सण जवळ आला म्हणजे खेडोपाडीच्या मंडळ्यांतून दरसाल एक प्रश्न उभा राहतो. तो असा की, उपासनामंदिरात झाड उभारावे काय, व उभारल्यास त्याच्या शृंगारास पैसा कोठून आणावा? शहरात चकचकीत गोळे पाहून आलेली मुले तसेच आपल्याकडे व्हावे म्हणून हट्ट धरतात. आणि वडील माणसेही, लोक काय म्हणतील या भयाने, उसनवारी करावयास तयार होतात. या प्रश्नाचा विचार करावा व सोबत हातांनी करावयाचे तीन अलंकार शिकवावे, असा आजच्या पाठाचा हेतू आहे.

१. झाडाची हकीकत

प्रथम हे ध्यानात ठेवावे की, प्रभूच्या जन्माच्या वृत्तांतात गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे; परंतु झाड नाही. झाड ही आज्ञा नव्हे, रीत होय. ती जर्मन लोकांकडून जगभर पसरली. त्यांच्यात २४ डिसेंबर हा आदाम व हव्वा यांचा दिवस मानीत, आणि त्या निमित्ताने होणाऱ्या धार्मिक नाटकांत एदेन बागेची खूण म्हणून सफरचंदे टांगलेले झाड ठेवीत. १६०५ सालच्या एका वृत्तांतात असे लिहिले आहे की, स्ट्रासबुर्ग शहरातील लोक नाताळात घरात झाड उभारून त्यावर रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या भाकरी, सोनेरी वर्ख व साखर टांगतात. हे शहर आज फ्रान्स देशात आहे.

यात एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. वर्खाखेरीज यातील बहुतेक वस्तू घरातल्या, बागेतल्या किंवा हाताने केलेल्या होत्या. मग काचेचे गोळे कोठून आले? जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात लाउशा नावाचे गाव आहे. तेथे १५९७ सालापासून काचेचे काम चालत आले. नाताळाच्या झाडाकरिता काचेचे गोळे मागविल्याची नोंद तेथील १८४८ सालच्या एका मागणीवहीत आढळते. त्या गावी अशी कथा सांगतात की, एका गरीब कारागिरास झाडाकरिता अक्रोड व सफरचंदे विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते. म्हणून त्याने आपल्या भट्टीवर काच फुंकून तशी फळे केली. कथा खरी असो वा नसो, तिचा बोध खरा आहे. ज्या गोळ्याकरिता आपण कर्ज काढू पाहतो, तो गोळा, तेथील लोकांच्या सांगण्याप्रमाणे, एका गरिबाने हाताशी होते त्यातून केला. आपल्या हाताशी काच नाही. पेंढा आहे, कागद आहे, मका आहे.

२. एका मुलीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असलेल्या एका मंडळीत मी स्वतः ही चूक केली. नाताळाच्या वर्गणीचा बराचसा भाग मी बाजारच्या अलंकारांवर खर्च केला. झाड सुंदर दिसले व लोकांनी वाहवा केली. उपासना आटोपल्यावर एका शेतमजुराची लहान मुलगी बराच वेळ झाडाकडे पाहत उभी राहिली व मग म्हणाली, “साहेब, ह्यातलं आमच्या घरचं कोणतं?” मला उत्तर देता आले नाही. पुढील वर्षापासून मी नियम केला की, झाडावर जे टांगावयाचे ते मुलांच्या हातचे असावे, व एकही घर त्यातून सुटू नये.

३. अलंकारांची कृती

पेंढ्याचा तारा. भाताच्या पेंढ्यातून जाड, सरळ व डाग नसलेल्या काड्या निवडाव्या. पेरे टाकून चार चार इंचांचे चार तुकडे कापावे. ते अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून वाटीच्या बुडाने दाबून चपटे करावे. दोन तुकड्यांची फुली करावी. उरलेल्या दोहोंची दुसरी फुली करून ती पहिलीवर अशी ठेवावी की, एकीच्या बाहू दुसरीच्या बाहूंच्या मध्ये येतील. मधला भाग चिमटीत घट्ट धरून दोरा वरच्या फुलीच्या बाहूवरून, मग खालच्या फुलीच्या बाहूखालून, याप्रमाणे सभोवती फिरवावा व मागे गाठ मारावी. टोके तिरपी कापली म्हणजे आठ कोनांचा तारा होतो. युरोपातही असे पेंढ्याचे तारे करितात. तेथील शहरच्या मुलांस गव्हाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल. आपल्या मुलांस ते ठाऊक आहे. तारा करीत असता लूक २:७ वाचावे.

नावांची साखळी. जुन्या वह्यांची पाने हळदीच्या पाण्याने रंगवून वाळवावी. हळदीत थोडी चुन्याची निवळी घातली असता रंग तांबडा होतो. परंतु हे काम शिक्षकाने करावे, चुना मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये. मग एक बोट रुंद व सहा इंच लांब अशा पट्ट्या कापाव्या. दोन चमचे कणीक वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजविली म्हणजे खळ होते. चिमूटभर तुरटी घातल्यास ती लवकर नासत नाही. प्रत्येक पट्टीवर मंडळीतील एका घराचे नाव लिहून कड्यांत कडी गुंतवावी. शिक्षकाने मंडळीची यादी जवळ ठेवावी. जे घर भांडणामुळे वा लाजेमुळे उपासनेस येईनासे झाले आहे, त्याचीही कडी असावी. आणि ती कडी करणाऱ्या मुलाने त्या घरी जाऊन नाताळाचे आमंत्रण द्यावे.

लाह्यांची माळ. मक्याच्या लाह्या थंड झाल्यावर सुईने दोऱ्यात ओवाव्या. सुई मोठ्या मुलांच्याच हाती द्यावी. सण संपल्यावर माळ पाखरांस घालावी.

४. सावधगिरीच्या सूचना

झाडाकरिता सुरूची किंवा मिळेल ती हिरवी फांदी पुरे. उभे झाड तोडू नये. पेंढा व कागद क्षणात पेट घेतात, म्हणून मेणबत्ती किंवा पणती झाडापासून दूर ठेवावी. झाडास नमस्कार करावा काय, असे कोणी विचारल्यास स्पष्ट सांगावे की, करू नये. ते पूजेची वस्तू नव्हे, पाठ शिकविण्याचे साधन आहे. आणि जो पैसा वाचेल त्याचा हिशेब मंडळीपुढे ठेवून, ज्या घरी सणाच्या दिवशी चूल पेटण्याची अडचण आहे, तेथे तो गुपचूप पोहोचवावा.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. प्रभूच्या जन्माच्या वृत्तांतात कोणकोणत्या वस्तू सांगितल्या आहेत?
२. स्ट्रासबुर्ग येथील झाडावर काय काय टांगीत असत? त्यांपैकी कोणत्या वस्तू आपल्या गावी मिळतील?
३. आपल्या साखळीत कोणाचे नाव राहिले आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत साखळी झाडावर चढवू नये.