योग्या : हाताचे शिक्षण आणि आजचे कर्माभ्यास

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा, योग्यासूत्रीय अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. विद्यार्थिदशेत त्याचा उपयोग बहुधा एका कोष्टकापुरता होतो : छेद्यासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी, भेद्यासाठी पाणी व चिखल भरलेली पखाल, वेध्यासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ, सीव्यासाठी वस्त्र व मऊ चामडे, बस्तिकर्मासाठी पाण्याने भरलेल्या घटाच्या कुशीतील छिद्र व भोपळ्याचे तोंड. कोष्टक पाठ होते, गुणही मिळतात. परंतु सर्व शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही योग्या करून घ्यावी, त्याविना तो कर्मास अपात्रच राहतो, असे आचार्यांनी का सांगितले, याचा विचार मागे पडतो. प्रस्तुत लेखात हाताचे कौशल्य कसे घडते यासंबंधीची काही आधुनिक निरीक्षणे या अध्यायाशेजारी ठेवून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

दोष हाताचा, ज्ञानाचा नव्हे

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पाचव्या अध्यायात बस्ती देणाऱ्याचे दोष वर्णिले आहेत. नेत्र वाकडे जाणे, हात कापणे, घाईने प्रवेश करणे, दाब फार मंद वा फार जोराचा असणे, हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी एकही दोष अज्ञानाचा नाही. दाब समान असावा हे परिचारकास ठाऊक असते. त्याच्या हातास ते ठाऊक नसते. या दोहोंतील अंतराची किंमत मात्र रुग्णाचा गुदमार्ग मोजतो.

ही दोन ज्ञाने भिन्न आहेत याचा स्पष्ट पुरावा ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रकर्म झाले होते व त्यानंतर नव्या घटना त्याच्या स्मरणात राहत नसत. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा सराव त्याच्याकडून तीन दिवस करून घेतला. आपण हे पूर्वी केले आहे हे त्यास आठवत नसे, तरी त्याच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. हाताची स्मृती शब्दांच्या स्मृतीहून वेगळ्या वाटेने साठते. म्हणूनच निष्णात कारागिरास आपण नेमके काय करतो हे पुष्कळदा सांगता येत नाही आणि केवळ व्याख्यान ऐकून हात तयार होत नाही.

कौशल्याच्या तीन अवस्था

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेला क्रम आजही उपयुक्त आहे. प्रथम शिकणारा प्रत्येक पायरी मनात म्हणत हालचाल करतो. पुढे चुका घटतात व हालचाली एकमेकींत मिसळतात. अखेरीस कर्म सहज होते आणि लक्ष रुग्णाकडे देण्यास मोकळे राहते. या प्रवासात लघुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो. अपेक्षित संवेदना व प्रत्यक्ष संवेदना यांतील फरकावरून ते पुढील हालचाल दुरुस्त करते. आपल्या परिभाषेत गती व्यानाकडे, तर प्रयत्न आणि स्मृती उदानाकडे सोपविल्या आहेत. या दोन परिभाषा एकमेकींत बसविण्याचा अट्टहास आम्ही करीत नाही. दोन्हींत हालचाल, प्रयत्न व स्मृती यांचा विचार आहे, एवढे पुरे.

सराव कसा असावा

*थोडा, पण रोज.* बॅडली व लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांच्या कळफलक-शिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एक तास शिकणाऱ्यांस कळफलक आत्मसात करण्यास एकूण सुमारे ३५ तास लागले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांस सुमारे ५० तास लागले. तरीही सर्वांत कमी समाधानी होते ते रोज एक तास शिकणारेच, कारण दिवसागणिक पाहता त्यांची प्रगती मंद वाटे. दोन दिवसांच्या पंचकर्म शिबिरातून समाधानाने परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

*मिश्र क्रमाने.* शिया व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात एकच हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे होते. परंतु दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत तीन हालचाली उलटसुलट क्रमाने करणारे सरस ठरले. सरावातील सफाई म्हणजे शिक्षण नव्हे. श्मिट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार विविध अनुभवांतून हात एक सामान्य नियम घडवितो. एकाच छेद्यकर्मासाठी सुश्रुताचार्य अनेक फळे सांगतात, याकडे या दृष्टीने पाहावे. आचार्यांस हे प्रयोग अभिप्रेत होते असा आमचा दावा नाही. मात्र कलिंगडाची साल व काकडीची साल शस्त्राखाली सारखी लागत नाही, एवढे कोणाही कर्मकुशलास कळते.

*मार्गदर्शन बेताने.* प्रत्येक हालचालीस टोकणारा गुरू समोर असेपर्यंतच हात नीट चालतो. विन्स्टाइन व श्मिट यांच्या १९९० च्या अभ्यासात निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल कळविलेल्यांचे कौशल्य पुढे अधिक टिकले. शिष्याने आधी स्वतः अंदाज सांगावा, मग गुरूने निर्णय द्यावा.

औषधनिर्मितीतील योग्या

औषधालयांच्या चालकांसही हा विषय तितकाच लागू आहे. स्नेहपाकात कल्काची वात वळली का, ती अग्नीवर शब्दाविना जळते का, हे अनुभवी कारागीर बोटांनी व कानांनी ओळखतो. तो निवृत्त झाला की पुढच्या घाण्यांत फरक पडू लागतो आणि दोष वनस्पतींस दिला जातो. यावर उपाय कठीण नाही. शिकाऊ कामगारासाठी लहान प्रमाणात मुद्दाम मृदू, मध्य व खर असे तिन्ही पाक करावेत व कल्क क्रम न सांगता त्याच्या हाती द्यावा. त्याने अवस्था ओळखून लिहावी, त्यानंतरच तापमान व वेळेच्या नोंदीशी ती ताडावी. चरकमते नस्यासाठी मृदू, पान व बस्तीसाठी मध्य आणि अभ्यंगासाठी खर पाक योजावयाचा असल्याने ही ओळख चुकणे म्हणजे प्रयोगच चुकणे होय. खर्च होतो तो थोड्या तेलाचा. वाचतो तो संपूर्ण घाणा.

चिकित्सालयासाठी एक क्रम

नव्या परिचारकाने रुग्णास बस्ती देण्यापूर्वी तीन आठवडे रोज अर्धा तास घटावर सराव करावा. पाणी, क्वाथ व तेल यांचा क्रम रोज बदलावा, कारण तिन्हींस लागणारा दाब निरनिराळा असतो. द्रव निघण्यास लागलेला वेळ घड्याळावर मोजून नोंदवावा. त्यानंतर एक आठवडा सराव बंद ठेवून परीक्षा घ्यावी. त्या दिवशी जो हात समान दाब देतो व कापत नाही, तोच रुग्णाकडे जावा; इतरांनी पुन्हा घटाकडे वळावे.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी जाहीर केली, तेव्हा आपल्या अधिकाराविषयी देशभर वाद झाला. अधिकार राजपत्राने मिळतो, हात मात्र योग्येनेच मिळतो. त्या वादाचे आपल्या बाजूने देता येईल असे उत्तर प्रत्येक महाविद्यालयातील व चिकित्सालयातील पाण्याने भरलेल्या घटापाशी आहे. तो घट स्वस्त आहे, आणि त्यावर झालेल्या चुकांनी कोणासही इजा होत नाही.