मोबाइलने आवाज मोजताना

एका वर्गातील पाच विद्यार्थ्यांनी आपापल्या मोबाइलवर आवाज मोजण्याचे एकच ॲप घेतले आणि पाचही मोबाइल एका बाकावर शेजारी शेजारी ठेवले, तर पाचांवर पाच निरनिराळे आकडे दिसण्याचा संभव मोठा असतो. एक ५८ डेसिबेल म्हणेल, दुसरा ६४, तिसरा ५३. आवाज तर एकच आहे. मग खरा आकडा कोणता?

आधी डेसिबेल म्हणजे काय ते पाहू. ध्वनीची लाट कानावर येते तेव्हा हवेचा दाब किंचित कमीजास्त होत राहतो. १००० हर्ट्झचा जो अगदी मंद स्वर निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येतो, त्यात हा चढउतार सुमारे २० मायक्रोपास्कल असतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा केवळ ५०० कोटीवा भाग! उलट, कान दुखू लागतील अशा आवाजात तो २० पास्कलच्या आसपास, म्हणजे दहा लाख पट होतो. ध्वनीची तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा तीव्रतेतील फरक झाला एक लाख कोटी पट.

एवढा पसारा साध्या मोजपट्टीवर मावणार नाही. म्हणून लॉगरिथमचा आश्रय घ्यावा लागतो. त्या मंद स्वराला शून्य धरावयाचे आणि तीव्रता दहापट झाली की १० डेसिबेल मिळवावयाचे. शंभरपटीला २०, हजारपटीला ३०. दोनचा लॉग ०.३०१, म्हणून दुप्पट तीव्रतेला ३. यावरून ध्यानात येईल की, प्रत्येकी ६० डेसिबेल आवाजाची दोन यंत्रे एकदम चालविली, तर १२० होत नाहीत, फक्त ६३ होतात. परीक्षेत हे विधान दिले की निम्मा वर्ग चुकतो, असा शिक्षकांचा अनुभव असेल.

आता मोबाइलकडे वळू. त्यातील मायक्रोफोन तुरीच्या डाळीएवढा असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा आणि त्यासमोर एक स्थिर पत्रा, असे छोटे धारित्र असते. पडदा हलला की धारिता बदलते व विद्युत्दाब बदलतो. मोबाइल हा विद्युत्दाब सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून त्याच्या संख्या बनवितो. ॲप या संख्यांचे वर्ग करते, सरासरी काढते, लॉग घेते आणि शेवटी त्यात एक ठराविक संख्या मिळवून उत्तर पडद्यावर दाखविते.

सगळी गोम या शेवटच्या संख्येत आहे. अमुक पास्कल दाबाला तमुक संख्या, हे नाते प्रत्येक मायक्रोफोनचे वेगळे असते आणि ॲप लिहिणाऱ्याला तुमच्या मोबाइलचे ते नाते बहुधा माहीत नसते. चांगल्या ध्वनिमापकाबरोबर अंशांकनासाठी एक छोटे उपकरण मिळते. ते मायक्रोफोनवर बसविले की १००० हर्ट्झचा, बरोबर ९४ डेसिबेलचा स्वर निर्माण करते. ९४ डेसिबेल म्हणजेच १ पास्कल दाब. लॉगच्या कोष्टकावरून पडताळून पाहा. शाळेजवळ असे उपकरण नसते. पण कोणाकडून प्रमाणित ध्वनिमापक तासभर मिळाला, तरी तो मोबाइलशेजारी ठेवून किती मिळवावयाचे वा वजा करावयाचे हे ठरविता येते. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेल्या फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये ही संख्या आपण स्वतः भरण्याची सोय आहे. शाळेसाठी मला तेच पसंत आहे, कारण ते खोटा आत्मविश्वास दाखवीत नाही.

अंशांकन झाले नाही तरी काम अडत नाही. मिळविलेली संख्या चुकीची असली तरी ती प्रत्येक वाचनात तेवढीच चुकीची असते. दोन वाचनांची वजाबाकी केली की ती निघून जाते. म्हणजे मोबाइलवरचा एकटा आकडा संशयास्पद, पण फरक विश्वासार्ह!

हे तपासण्यासाठी मैदानावर शांत वेळी जा. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावला की जी खरखर येते, ती ध्वनिस्रोत म्हणून घ्या. १, २ व ४ मीटरवर वाचने घ्या. अंतर दुप्पट झाल्यावर तीव्रता चौथाई होते, म्हणून दर वेळी सुमारे ६ डेसिबेल कमी झाले पाहिजेत. रेडिओ बंद असतानाचे वाचन निदान १० डेसिबेलने खाली असावे, नाहीतर परिसराचा आवाज हिशेब बिघडवितो. हाच प्रयोग वर्गात करा. भिंतींवरून ध्वनी परततो, त्यामुळे मागच्या बाकाशी वाचन तितके उतरत नाही. मैदानावरही फरक ६ ऐवजी २ किंवा ३ येऊ लागला, तर तुमचा मोबाइल जवळचा मोठा आवाज आपोआप दाबत आहे असा संशय घ्या. तो बनविलेला आहे बोलणे ऐकण्यासाठी, ढोलताशा मोजण्यासाठी नव्हे. मिरवणुकीत काही मोबाइलांचा आकडा एका जागी अडकून बसतो तो याचमुळे.

आणखी एक गोष्ट. आपल्या कानाला खर्जातले स्वर कमी जाणवतात, म्हणून मापनात ‘ए’ नावाचा भार लावतात. त्यात १०० हर्ट्झच्या स्वराचे सुमारे १९ डेसिबेल वजा होतात. खिडक्यांची तावदाने हलविणाऱ्या डीजेच्या धडधडीला या आकड्यात पुरता न्याय मिळत नाही, हे खरेच.

आता कायद्याचा प्रश्न. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती निदान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबेल ही मर्यादा आहे. निवासी भागात ती ५५ व ४५. पण ही मर्यादा क्षणाच्या वाचनाची नव्हे, ऊर्जेच्या सरासरीची आहे. समजा, वर्गाबाहेर ९ मिनिटे ५० डेसिबेल आवाज होता आणि १ मिनिट ट्रकच्या हॉर्नचा ८० डेसिबेल. आकड्यांची साधी सरासरी ५३ येते. पण ८० डेसिबेलची तीव्रता ५० च्या हजारपट आहे. तेव्हा ९ × १ व १ × १००० यांची बेरीज १००९, तिला १० ने भागून सुमारे १०१. म्हणजे ५० डेसिबेलच्या १०१ पट, म्हणून उत्तर ७०! एका मिनिटाच्या हॉर्नने बाकीच्या नऊ मिनिटांची शांतता पुसून टाकली.

मर्यादेपेक्षा १० डेसिबेल किंवा अधिक आवाज असल्यास नागरिकाला तक्रार करता येते, असे नियमांत म्हटले आहे. अंशांकन केलेल्या मोबाइलची चूक दोनतीन डेसिबेल धरली, तर शाळेच्या दारात ५२ आल्यावर काहीच सिद्ध होत नाही. ७० आले, तर प्रमाणित ध्वनिमापक घेऊन या, असे अधिकाऱ्यांना सांगण्यास ते पुरेसे आहे. तक्रारीला जोडावयाच्या तक्त्यात तारीख, वेळ, मोबाइल नेमका कोठे व किती उंचीवर धरला, वारा होता का, हे सर्व लिहावे. वाऱ्याची झुळूक मायक्रोफोनवर आली की आवाज नसतानाही आकडा उसळतो.

शेवटी एक उदाहरण तुम्ही सोडवा. ६० मिनिटांपैकी ५५ मिनिटे ५५ डेसिबेल व ५ मिनिटे ८५ डेसिबेल आवाज असेल, तर ऊर्जेची सरासरी किती? आणि ती ५ मिनिटे १ वर आणली, तर ती किती डेसिबेलने उतरेल?