म्हातारपण की आजार?

प्रस्तावना

घरातला कुत्रा जिना चढायला कुरकुर करू लागला किंवा मांजर खिडकीच्या कठड्यावर उडी मारीनासे झाले, की घरातले कोणीतरी सहज म्हणून जाते, 'वय झालं आता त्याचं.' हे उद्गार मायेने काढलेले असतात आणि पुष्कळदा खरेही असतात. परंतु याच उद्गारांच्या आड बरे होण्याजोगे, निदान आटोक्यात ठेवता येण्याजोगे अनेक विकार महिनोन्‌महिने लपून राहतात. वार्धक्य ही अवस्था आहे, आजार नव्हे. प्रस्तुत पाठात हा भेद ओळखण्याच्या काही खुणा सांगितल्या आहेत. पाठ वाचल्यावर वृद्ध कुत्र्या-मांजरांमधील सामान्य आजारांची लक्षणे तुम्हांला सांगता येतील. तसेच माहितीपर लेखनात निरीक्षण, कारण आणि उपाय यांची सांगड कशी घातली जाते, हेही लक्षात येईल.

मूळ पाठ

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागे हिमालयापर्यंत एक कुत्रा चालत जातो आणि त्याला मागे सोडून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. माणूस आणि कुत्रा यांचे नाते इतके जुने आहे. मात्र कुत्र्याने माणसाच्या घरात म्हातारे होणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. दाराशी वाढणारी बहुतेक कुत्री-मांजरे रोगराईने, अपघाताने किंवा उपासमारीने अकाली जात. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा घोडे आणि बैल हेच पशुवैद्यांचे मुख्य रुग्ण होते. पुढे लसी आल्या, जंतांची औषधे आली, प्राणी अंगणातून घरात आले आणि त्यांचे आयुष्य वाढले. त्याबरोबर म्हातारपणाचे आजारही घरात आले.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, असा एक ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. तो सोयीचा आहे, पण बरोबर नाही. एक वर्षाची मांजर पिल्लांची आई झालेली असू शकते. सात वर्षांची मुलगी दुसरीत शिकत असते! शिवाय कुत्र्यांमध्ये आकाराने मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच वयस्कर समजावा लागतो, तर छोटा पॉमेरेनियन नऊ-दहा वर्षांपर्यंत तरतरीत असतो. गावठी कुत्रा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. मांजराचे वार्धक्य साधारणपणे दहाव्या-अकराव्या वर्षानंतर सुरू होते आणि घरात राहणारी अनेक मांजरे पंधरा वर्षांच्या पुढेही जगतात. या वयानंतर प्राणी ठणठणीत दिसत असला, तरी वर्षातून दोनदा त्याची तपासणी करून घ्यावी. माणसाला सहा महिने म्हणजे थोडा काळ वाटतो. कुत्र्याच्या आयुष्यात तो मोठा असतो.

आजार उशिरा कळतो याचे एक कारण प्राण्याच्या स्वभावात आहे. मांजर स्वतः शिकारी असले, तरी मोठ्या जनावरांचे भक्ष्यही असते. दुबळेपणा उघड करणे त्याला परवडत नाही. म्हणून ते विव्हळत नाही, फक्त कपाटाखाली जाऊन बसते. दुखणे आवाजातून नव्हे, तर बदललेल्या सवयींतून ओळखावे लागते.

पाण्याचे भांडे

सर्वांत बोलके साधन घरातच असते, ते म्हणजे पाण्याचे भांडे. सकाळी मोजून पाणी ओतावे, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे आणि वजाबाकी करावी. कुत्रा दिवसाला आपल्या वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पीत असेल, तर ते काळजीचे लक्षण आहे. १२ किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत ही मर्यादा सव्वा लिटरच्या आसपास येते. मांजराच्या बाबतीत किलोमागे ५० मिलिलिटर ही मर्यादा धरतात. वैशाखातल्या उन्हात तहान वाढतेच. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर न जाता तीन-चार दिवसांची नोंद ठेवावी.

तहान वाढण्याची कारणे अनेक असतात. म्हाताऱ्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. मूत्रपिंड म्हणजे असंख्य सूक्ष्म गाळण्यांचा समूह होय. एकदा नष्ट झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. सुमारे दोन-तृतीयांश गाळण्या निकामी झाल्या, की मूत्र दाट करण्याची शक्ती जाते. लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होऊ लागते आणि ती तूट भरून काढण्यासाठी प्राणी सतत पाणी पितो. रक्तातील क्रिएटिनिन मात्र सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती गेल्यावरच वाढलेले दिसते. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी पाण्याचे भांडे इशारा देते. येथेच घरोघरी एक घातक चूक होते. कुत्रा रात्री घरात लघवी करतो म्हणून संध्याकाळपासून त्याचे पाणी बंद केले जाते. त्याला लघवी जास्त होते ती पाणी जास्त प्यायल्यामुळे नव्हे, तर लघवी जास्त होते म्हणूनच तो पाणी पितो. पाणी तोडल्यास उरलेसुरले मूत्रपिंडही ढासळते. पाणी हवे तेवढे द्यावे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने कमी फॉस्फरसचा आहार सुरू करावा. या विकारात रक्तदाबही तपासून घ्यावा लागतो; तो फार वाढला तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

भूक चांगली, तहान मोठी आणि तरीही वजन उतरते आहे, असे असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी. कुत्र्याला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणे घरच्या माणसाला शिकता येते. म्हातारे मांजर अधाशासारखे खाऊनही हडकत असेल आणि रात्रभर अस्वस्थपणे ओरडत असेल, तर थायरॉईड ग्रंथीचा अतिरेकही संभवतो. यावर गोळ्या आहेत.

आता एक प्रसंग कल्पावा. नऊ वर्षांची, नसबंदी न झालेली एक कुत्री आहे. महिन्यापूर्वी ती माजावर येऊन गेली. एप्रिलचे दिवस आहेत. ती जेवण टाकते, पाणी मात्र खूप पिते, मधूनच उलटी करते आणि दिवसभर थंड फरशीवर पडून राहते. घरातले म्हणतात, उन्हाळा आहे, शिवाय वयही झाले. तिसऱ्या दिवशी तिला उठवत नाही. हा गर्भाशयात पू होण्याचा आजार आहे. काही वेळा पू बाहेर येतो व कपड्यावर डाग दिसतात. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर एक थेंबही दिसत नाही आणि तोच प्रकार अधिक भयंकर असतो. वेळीच शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढले, तर अशी कुत्री पुढे कित्येक वर्षे जगते. उशीर झाला तर विष अंगात भिनून काही दिवसांतच मृत्यू येतो. हा सारा धोका तरुणपणी केलेल्या नसबंदीने टळतो. 'एकदा तरी तिला पिल्ले होऊ द्यावीत' ही समजूत वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे.

पाठगत प्रश्न
१. पाण्याचे भांडे 'प्रयोगशाळेच्या आधी इशारा देते', असे का म्हटले आहे?
२. कुत्र्याचे रात्रीचे पाणी बंद करणे घातक का ठरते?

सांधे, वजन आणि एक गोळी

सांधेदुखी हा म्हातारपणाचा नेहमीचा सोबती आहे. कुत्रा सकाळी उठताना मागचे पाय ओढतो, गुळगुळीत टाइल्सवर घसरतो आणि पायरीशी थबकतो. मांजर सहसा लंगडत नाही. ते उंच जागी जाणे सोडते. पाठीकडे मान वळेनाशी झाल्याने तिथले केस चाटले जात नाहीत व त्यांच्या जटा होतात. मलपात्राची कड उंच असेल तर ते शेजारीच घाण करते आणि वर मार खाते. अशा वेळी शिक्षेऐवजी बसकी परात ठेवावी. फरशीवर जुनी सतरंजी किंवा गोधडी अंथरावी. पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवावे. दूरची एक फेरी मारण्याऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या माराव्यात.

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वजन कमी करणे. छातीच्या बाजूने हलका हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न जन्मभर दिले होते. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा झाला. चहाबरोबरचे बिस्किट, जेवणानंतरची तुपाची पोळी, पाहुण्यांच्या हातून मिळालेला पेढा हा सारा लाड अखेर त्या प्राण्याच्या गुडघ्यांवर येऊन बसतो.

दुखते म्हणून घरातली गोळी देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. माणसाला सहज पचणारे पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला निकामी करून बाहेर टाकता येत नाही. एका गोळीनेही मांजराच्या हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजते आणि प्राण जातो. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बंद पडतात. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे ठरते, याचे उदाहरण भारताने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे: डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मृत शरीरे खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कुत्र्यामांजरांसाठी सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध आहेत. त्यांची मात्रा पशुवैद्यच ठरवू शकतो.

डोळे, दात, श्वास आणि मन

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर धूसरपणा दिसतो. तो बहुधा वयाचा असतो आणि त्यातून त्याला पुरेसे दिसते. पांढराफटक मोतीबिंदू निराळा. दृष्टी अधू झाली असेल, तर घरातले सामान हलवू नये. त्याने घराचा नकाशा मनात आखलेला असतो.

तोंडाला दुर्गंधी येणे हे वयाचे नव्हे, तर सडलेल्या हिरड्यांचे लक्षण आहे. दात स्वच्छ करण्यासाठी भूल द्यावी लागते आणि पुष्कळजण वयाच्या धास्तीने ती टाळतात. रक्ततपासणी करून दिलेली भूल बहुधा सोसते. रोजची दातदुखी मात्र सोसावीच लागते.

हृदयाचा विकार ओळखायला घड्याळ पुरते. प्राणी गाढ झोपला असताना अर्ध्या मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजावे व दुप्पट करावी. हा आकडा वारंवार तीसच्या वर जात असेल, तर थांबू नये. स्तनांजवळ लागणारी वाटाण्याएवढी गाठही लगेच दाखवावी. मांजरांमध्ये अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. मांजराने दोन दिवस अन्न टाकले तर तेवढ्यानेही त्याच्या यकृतात चरबी साठू लागते.

आणि कधीकधी मनच वाट चुकते. कुत्रा दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडण्याची वाट पाहतो. कोपऱ्यात शिरतो आणि मागे फिरायचे विसरतो. दिवसा झोपतो, रात्री भुंकतो. दुखणे, बहिरेपणा, रक्तदाब ही कारणे नाहीत अशी खात्री झाल्यावरच याला मेंदूचे वार्धक्य म्हणावे. जेवणाच्या व फिरण्याच्या ठरलेल्या वेळा, दिवसाचा उजेड आणि रात्री एक मंद दिवा यांनी त्याची घालमेल कमी होते.

उपचार संपतात तेव्हाचा निर्णय सर्वांत अवघड असतो. पशुवैद्य भूल देऊन वेदनारहित मरण देऊ शकतो. ते केव्हा, हे घराने ठरवायचे असते. प्रेम आणि अपराधी भाव यांच्या ओढाताणीत घरातल्या माणसांचे एकमत होत नाही. अशा वेळी भिंतीवरचे कॅलेंडर उपयोगी पडते. तो आपणहून जेवला, ओळखून शेपूट हलवली, स्वच्छ जागी झोपला, तर त्या तारखेवर एक टिंब काढावे. नाहीतर फुली मारावी. महिन्याच्या पानावर फुल्या अधिक दिसू लागल्या, म्हणजे ते पान घेऊन घरातल्या सर्वांनी पशुवैद्यासमोर बसावे.

शब्दार्थ
ठोकताळा – अंदाजाने बांधलेला नियम. भक्ष्य – दुसऱ्याचे खाद्य असलेला प्राणी. व्रण – जखम. घालमेल – मनाची अस्वस्थता. कटाक्षाने – काटेकोरपणे.

स्वाध्याय
१. 'वय झालं आता' या उद्गारामुळे कोणकोणते धोके उद्भवतात, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. ८ किलो वजनाचा कुत्रा दिवसाला एक लिटर पाणी पितो. ही बाब काळजीची आहे का? आकडेमोड करून उत्तर द्या.
३. 'सारा लाड त्या प्राण्याच्या गुडघ्यांवर येऊन बसतो', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करून दहा-बारा ओळींत नोंद लिहा.