मिलिंग यंत्र आणि त्याची आज्ञावली : निवड करताना

संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्राची खरेदी करताना स्पिंडलची शक्ती, टेबलाची लांबी-रुंदी आणि किंमत यांवर भरपूर चर्चा होते. यंत्राला काम सांगणाऱ्या आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा, विचार मात्र पुष्कळदा यंत्र कार्यशाळेत येऊन बसल्यावर सुरू होतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि तांत्रिक विद्यालये यांच्या दृष्टीने हा क्रम घातक आहे. आज्ञावली जुळली नाही, तर सुस्थितीतील यंत्रही झाकून ठेवण्याची पाळी येते.

यंत्राला अंकांच्या साहाय्याने हुकूम देण्याची कल्पना जुनी आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक कसे करावेत, या विवंचनेतून अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी ती पुढे आणली आणि १९५२ साली मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये असे मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यात आले. आज प्रचलित असलेली ‘जी-कोड’ ही आज्ञांची पद्धत त्याच परंपरेतील होय.

आज्ञावलीचे काम तीन टप्प्यांत होते. प्रथम वस्तूचे रेखन तयार होते. नंतर कटरने कोठून शिरावे, किती खोल कापावे, कोणत्या वेगाने सरकावे हा मार्ग ठरतो. कारागीर त्यास ‘टूलपाथ’ म्हणतात. शेवटी हा मार्ग विशिष्ट यंत्राच्या बोलीत उतरविला जातो. हे शेवटचे काम करणाऱ्या भागास ‘पोस्ट प्रोसेसर’ असे नाव आहे. तो एक दुभाषाच म्हणावा लागेल. पहिल्या दोन टप्प्यांची प्रात्यक्षिके विक्रेते पडद्यावर मोठ्या हौसेने दाखवितात. खरी अडचण बहुधा तिसऱ्या टप्प्यात उद्भवते, आणि खरेदीची परीक्षा तेथेच व्हावयास हवी.

एक साधे उदाहरण घेऊ. छिद्र पाडण्यासाठी फॅनुक पद्धतीच्या नियंत्रकास ‘जी ८१’ ही आज्ञा पुरते. सीमेन्सच्या नियंत्रकात त्याच कामासाठी ‘सायकल ८१’ असे निराळे रूप वापरतात. छोट्या यंत्रांवर आढळणाऱ्या ‘जीआरबीएल’ या खुल्या नियंत्रकाच्या मूळ आवृत्तीस अशी तयार आज्ञा समजतच नाही; प्रत्येक छिद्रासाठी खाली जाण्याचा आणि वर येण्याचा हुकूम सुटा द्यावा लागतो. वर्तुळखंडाचे केंद्र सांगण्याच्या रीतीही दोन आहेत : काही ठिकाणी ते आरंभबिंदूपासून मोजतात, तर काही ठिकाणी कामाच्या शून्यबिंदूपासून. दुभाषाने येथे चूक केली, तर नियंत्रक चूक दाखवून थांबला तर ठीक; एरवी कटर भलत्याच दिशेने जाऊन व्हाइसवर आदळू शकतो. शिकाऊ विद्यार्थी यंत्राजवळ उभा असताना असे घडणे परवडणारे नाही.

मोजमापाच्या एककांचाही असाच घोळ होतो. ‘एसटीएल’ प्रकारच्या फाइलमध्ये आकडे असतात, परंतु ते मिलिमीटर आहेत की इंच याची नोंद नसते. शिवाय त्यात गोलाई लहान लहान त्रिकोणांनी दाखविलेली असते, त्यामुळे अचूक भोकांसाठी ती उपयोगी नाही. यंत्रकामासाठी ‘स्टेप’ प्रकारची फाइल देता-घेता येणे ही किमान अट मानावी.

परवान्याच्या अटी विक्रेत्याच्या हातात असतात, हेही विसरून चालणार नाही. ऑटोडेस्क कंपनीने ‘फ्यूजन ३६०’च्या वैयक्तिक वापराच्या विनामूल्य परवान्यातून ऑक्टोबर २०२० पासून काही सोयी काढून घेतल्या. दोन कापांच्या मध्ये कटर जलद हलविण्याची सोय आणि आपोआप हत्यार बदलणे यांचा त्यांत समावेश होता. ‘स्टेप’ फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती; वापरणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर ती राहिली. विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी स्वतंत्र शैक्षणिक परवाना आहे, पण त्यावर संस्थेच्या उत्पन्नाची बाहेरची कामे करता येत नाहीत. वार्षिक शुल्काची आज्ञावली घ्यावयाची, तर पाचव्या वर्षीचे शुल्क कोणत्या शीर्षाखाली पडणार हे पहिल्याच वर्षी ठरलेले बरे.

‘फ्रीकॅड’ ही खुली आज्ञावली या बाबतीत वेगळी आहे. तिला परवानाशुल्क नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील दुभाषा पायथन भाषेत लिहिलेला असल्याने जाणकार शिक्षकास तो आपल्या यंत्रानुसार दुरुस्त करता येतो. खाचा, कप्पे व छिद्रे असलेली प्रशिक्षणातील नित्याची कामे तिच्यावर होऊ शकतात. पाच अक्षांचे काम किंवा साच्यांची गुंतागुंतीची पृष्ठे यांसाठी मात्र व्यावसायिक आज्ञावलीच सोयीची, हे मान्य करावयास हवे. नजीकचे कारखाने जी आज्ञावली वापरतात ती विद्यार्थ्यांना माहीत असावी, हा आग्रहही रास्तच आहे. तथापि रेखन, टूलपाथ आणि वेग-खोलीचा हिशेब ज्याला समजला, त्याला दुसरी आज्ञावली आत्मसात करणे फारसे अवघड जात नाही.

निविदेत ‘आज्ञावलीसह’ एवढाच शब्द असू नये. नियंत्रकाचे नाव व आवृत्ती, त्यासाठीचा पोस्ट प्रोसेसर, संगणकांची संख्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस स्पष्ट लिहावेत. देयक मंजूर करण्यापूर्वी संस्थेच्याच यंत्रावर चाचणी घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात एक कप्पा, चार छिद्रे आणि एक वक्र खाच असा नमुना पुरेसा आहे. तो प्रथम पडद्यावर, नंतर कटर ठोकळ्याच्या वर ठेवून हवेत आणि मग प्रत्यक्ष कापून पाहावा. विक्रेत्याच्या माणसाने केवळ उभे राहावे. काम संस्थेच्या निदेशकाने करावे. तयार नमुना मायक्रोमीटरने मोजून ती मापे, नमुन्याची ‘स्टेप’ फाइल आणि चालू असलेला पोस्ट प्रोसेसर यांची प्रत साठा नोंदवहीच्या क्रमांकासह संस्थेत जपून ठेवावी, म्हणजे निदेशकाची बदली झाल्यावर नव्या माणसास पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.